पायरीवरचा बस्ता

त्या कापडवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

अड्याळच्या मुख्य रस्त्यावर कोणत्या दुकानात कोण कुठे बसतं, एवढं पाहिलं तरी गाव कळायचं. चहाच्या हॉटेलात बाक ठरावीक लोकांसाठी, बाकीच्यांनी कपबशी घेऊन निंबाखाली उभं राहायचं. सोनाराकडे ओळखीच्याला सतरंजी, अनोळखीला उंबरठा. किराणा दुकानात मात्र सगळ्यांना सारखेच धक्के, म्हणून मला ते एकच दुकान आवडायचं. कापडदुकानाची तऱ्हा सगळ्यांच्या वर. आत पांढरीशुभ्र गादी, बाहेर दगडी पायरी. गादीवर बसेल त्याला चहा आणि वरच्या फळीवरचा माल, पायरीवर बसेल त्याला खालच्या गठ्ठ्यातली जाडीभरडी लुगडी. दुकानदार नुसता पाहायचा आणि माणूस आपणहून आपल्या जागी बसायचा.

माझी माय कायम पायरीवर. आमची धानाची शेती तलावाखाली. रोवणीच्या दिवसांत तिच्या बोटांच्या भेगांत चिखल असा बसायचा, की राखेनं घासूनही निघायचा नाही. मी लहान असताना एकदा पोळ्यासाठी लुगडं घ्यायला आम्ही गेलो. गादीवर एका मोठ्या घरच्या बाया कोशाची करवती, म्हणजे कोशाच्या रेशमाची, करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी पाहत होत्या. त्या साडीचा पदर घसरून गादीच्या काठावरून खाली आला. मायनं दोन बोटं त्याला लावली. नुसती लावली.

"ए बाई, हात नोको लावू! डाग पडन. तुह्या कामाचं नाही ते," दुकानदार ओरडला. मग पदर ओढून सगळ्यांसमोर पंच्यानं पुसला. गादीवरच्या बाया हसल्या. मायनं हात पदराखाली घेतले आणि काही न घेता ती उठली. त्या पोळ्याला ती जुनंच लुगडं नेसली. मी त्या दिवसापासून दात धरला.

माझं लग्न जुळलं तेव्हा बस्ता त्याच दुकानात बांधायचा, असा मी हट्ट धरला. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या मानकऱ्यांचं कापड, दोन्ही घरांनी मिळून एका दुकानातून घ्यायचं. कोणाकडे मोठा बस्ता बांधला गेला, यावर त्या रस्त्यावर दुकानाचा तोरा ठरायचा. त्याला सगळं दुकान उलगडायला लावायचं आणि मग चार लोकांत त्याची लाज काढायची, असा माझा बेत होता. वाक्यंसुद्धा घोकून ठेवली होती. माय फक्त "जाऊ" म्हणाली.

सासरची मंडळी सानगडीहून आली. दुकानदार हात जोडून उभा. "या, या! माय, तुमी इकडं लोडापाशी बसा."

सगळे गादीवर गेले. माय पायरीवर बसली. "मी इथंच बरी. मले इथंच दाखवा."

आमच्याकडे पहिल्या कापडाला नवरीच्या आईनं हळदीकुंकू लावल्याशिवाय बस्ता सुरू होत नाही. त्यामुळे त्याचा इलाज खुंटला. तो कापड घेऊन खाली आला आणि तिच्यासमोर वाकला. मायचे दोन्ही हात पदराखाली.

"उलगडा," माय म्हणाली. "आता पदर दाखवा."

"हात लावून तर पाहा माय, कसा मऊ आहे."

"नाही बा. डाग पडन."

त्याला ती थट्टा वाटली, तो हसला. पुन्हा वर, पुन्हा खाली. बनियन घामानं चिंब झालं. हॉटेलातले लोक बाक सोडून पाहायला आले, आणि मला एवढा आनंद झाला की काय सांगू. शेवटी त्यानं कोशाची करवती आणली. मायनं ती डोळे भरून पाहिली आणि उठली.

"चला, समोरच्या दुकानात."

सोयरे चपापले, पण नवरीची आईच उठली म्हटल्यावर तेही उठले. दुकानदार अनवाणी रस्त्यावर धावला. "माय, काहून चालल्या? आमचं काय चुकलं?"

मी तोंड उघडलं. मायनं माझं मनगट दाबलं.

"आठवून पाहा," ती म्हणाली.

माझी सगळी वाक्यं वाया गेली म्हणून मी तिच्यावरही चिडले. पण समोरच्या छोट्या दुकानात चटईवर बसून तिनं पहिल्या कापडाला हळदीकुंकू लावलं, पाची बोटं टेकवून, आणि तेव्हा मला उमगलं. त्या पायरीवरून त्यानं इतक्या बायांना परत पाठवलं होतं, की त्याला आठवणार तरी कोणती?

पुढे माहेरी आले की मी मायला मुद्दाम त्या दुकानासमोरून न्यायची. तो गादीवरून अर्धा उठायचा, तिच्याकडे एकटक पाहायचा, आणि पुन्हा बसायचा. आठवलेलं नसायचं. मी त्याला कधीच सांगितलं नाही.