पुड्यावरची बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. आणि गंमत बघा — आमच्या मसाल्याच्या पुड्याची गोष्ट मी कुठं कुठं सांगितली नाही? बचत गटांच्या शिबिरांत, कॉलेजातल्या पोरांसमोर, एकदा तर सुटाबुटातल्या साहेबलोकांसमोरसुद्धा. विषय ठरलेला असतो : धंद्यातलं डिझाईन, कल्पकता आणि नेतृत्व. मी उभी राहते, पदर खोचते आणि सुरू करते. लोक हसतात, लिहून घेतात. पण त्या गोष्टीतली एक दुपार मी दर वेळी गाळते. इतकी सफाई आली आहे आता, की मध्ये काही राहून गेलं असं कुणाला वाटतसुद्धा नाही.

आधीच सांगते, रडगाणं ऐकायला बसला असाल तर उठा. माझं मन हलकं व्हावं म्हणून मी बोलत नाहीये. आणि मी गिऱ्हाइकांना फसवलं असं तुम्हाला पुढं वाटलं, तर खुशाल वाटू द्या. त्यांचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही बारामतीला, जळोचीत राहायचो. नवरा एसटीच्या वर्कशॉपात. वडील गेल्यावर आईला मी इंदापूरकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडं आणलं. हौसाबाई तिचं नाव. काळा मसाला तिचा. मी बारावी झालेली, तोंडानं फटकळ, मला विकता यायचं. ती भाजायची, मी विकायची. आमच्या लोकांत कुठलंही लग्न असो, मसाला आईच्याच हातचा. आमच्या लोकांत म्हणजे बौद्धांत — हे इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ह्यावरच अडलं.

पहिले पुडे साध्या पारदर्शक पिशवीतले. आत एक चिठ्ठी, तिच्यावर माझं पूर्ण नाव, आडनावासकट. किती मिरवलं होतं मी ते नाव! सुप्याच्या एका दुकानदारानं पुडे ठेवून घेतले, पहिल्या बाजारात संपलेही. पुढच्या खेपेला दिलेले मात्र तसेच खोक्यात भरून ठेवलेले. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मसाला झ्याक हाय ताई, त्यात काय न्हाय. पन बाया आडनाव वाचत्यात. म्हणत्यात, दुसरा द्या."

ऐकलंत? आदल्या बाजारी नेलेला मसाला त्यांनी खाल्ला होता. बोटं चाटून खाल्ला होता. मग बाटला कशानं — चिठ्ठीनं? खोकं डोक्यावर घेऊन मी तशीच स्टँडवर आले. घरी आल्यावर आईला सांगितलं, दुकानदारानं जागा नाही म्हणून परत दिले. ती म्हणाली, "असू दे, दुसरीकडं बघू."

मग मी डोकं लावलं. शिबिरांत सांगते तो भाग इथून सुरू होतो, आणि तो खरा आहे. मी दुकानांच्या कोपऱ्यात उभी राहून बायका पुडा कसा निवडतात ते बघत बसले. आधी लांबून नजर. मग हातात घेऊन दाबणं, मग वास. वाचणं सगळ्यात शेवटी. म्हणजे वाचायच्या आतच तिचा जीव पुड्यात गुंतला पाहिजे, नाही का? सगळ्यांचे पुडे लाल, म्हणून मी गडद हिरवा रंग घेतला. खाली छोटी खिडकी ठेवली, मसाल्याचा रंग दिसावा म्हणून. वर भोक, दुकानदाराला दोरीला अडकवता यावा आणि बाईच्या डोळ्यांसमोर लोंबावा म्हणून. खुरपायला जाणारीलाही घेता येईल असा लहान पुडा काढला. कुठून फाडला की सांडत नाही, हे तोवर कामाला ठेवलेल्या बायकांच्या हातात देऊन ठरवलं. धंद्यात पुढारपण करायचं तर हुकूम कमी सोडा आणि समोरच्याचा हात कुठं जातो ते बघा, असं मी तिथं म्हणते. अजूनही म्हणेन. शिकवलं नव्हतं कुणी, माझं मला सुचलं होतं ते.

आणि पुड्यावर एक चेहरा हवा होता. बघताच घरचा वाटेल असा.

चेहरा आईचा घेतला. तिला नवं लुगडं नेसवून बारामतीत फोटो काढायला नेलं. काय खूश होती! फोटोवाला म्हणाला हसू नका, तर तिला हसूच आवरेना.

आता — आईच्या कपाळाबद्दल सांगायला पाहिजे. छप्पन सालानंतर गावानं धम्म घेतला तेव्हा ती नवी नवरी होती. घरातले देव पाटीत घालून नदीला सोडले, त्या दिवशी तिनं आपल्या हातानं कुंकू पुसलं. नवरा जिवंत असताना! कुणी सांगितलं नव्हतं तिला. आमच्यातल्या कितीतरी बायकांनी ठेवलं, पण हिनं नाही ठेवलं. गावातल्या बाया तोंडावर अभद्र बोलायच्या, ही ऐकून घ्यायची आणि पाणी भरून यायची. वडील गेले तेव्हा मला म्हणाली होती, "माझ्या कपाळावरचं पुसायला कुनालाच काय घावलं न्हाय बघ." केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती, आणि म्हणता म्हणता रडली होती.

तो फोटो मी बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरला दिला. त्यानं विचारलं, "कपाळ मोकळंच ठेवायचं का ताई?"

मी म्हणाले, "कुंकू लावा. चांगलं ठसठशीत. नाकात नथ घाला, हातात हिरव्या बांगड्या."

आडनाव काढून टाकलं. पुड्याला नाव असं दिलं, की त्यावरून घर कळू नये.

तुम्हाला वाटलं असेल, हाच कबुलीजबाब. नाही. हे वाईटच होतं, पण हे मी निदान तिच्यासमोर ठेवलं. छापून आलेला पुडा तिनं उजेडात धरला.

"ही कोन?"

"चित्रातली बाई हाय आये. कुनीबी न्हाय."

"नाक माझं हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "हिच्यानं धंदा चालंल का?"

"चालंल."

"मग चालू दे," म्हणाली आणि कढईकडं वळली.

आणि चालला! धो धो चालला. दुकानांत आता मी जात नव्हते, माल एजंट न्यायचा; त्याच सुप्याच्या दुकानदारानं त्याच्याकडं पुडे मागितले. चांगल्या घरचा मसाला दिसतोय, म्हणाला म्हणे. मी पोट दुखेपर्यंत हसले. आजही हसते. फसवलं म्हणता? मसाला तर खिडकीतून दिसत होता. लपवलं ते एवढंच, जे विचारण्याचा त्यांना हक्कच नव्हता. ह्याबद्दल मला दरडावायला कुणी आलंच, तर मी त्यालाच चार शब्द सुनावीन. आमच्यातलेही काही बोलले — लाज वाटली का आपल्या घराची? त्यांना मी उत्तर दिलं नाही. कारण खरं उत्तर 'हो' होतं, ते मला ठाऊक होतं.

बारामतीत प्रदर्शन भरलं होतं. आम्हाला स्टॉल मिळाला. मला कल्पना सुचली की तिथंच शेगडी मांडून मसाला भाजायचा. वास रांगभर जाईल, लोक वासामागं येतील. आई म्हणाली, "मी येते. लोक कसं घेत्यात ते मलाबी बघू दे की." स्टॉलमागं खाली बसून ती भाजत होती आणि घेणाऱ्या एकेकीचं तोंड बघत होती. गर्दी लोटली. दुपारी कामावरच्या बाया जेवायला गेल्या, आम्ही दोघीच उरलो. तेवढ्यात पुण्याचा एक मोठा व्यापारी आला. आपल्या सगळ्या दुकानांसाठी माल घेतो म्हणाला. पुडा उलटापालटा करून बघत होता, आणि शेजारी उभी असलेली एक बाई एकदम ओरडली, "अगं बया! ह्याच का त्या पुड्यावरच्या? नाक बघा की, तेच हाय!"

व्यापारी वाकला. हसला. म्हणाला, "काय आजी, तुमचाच का मसाला? गाव कुठलं? आडनाव काय म्हणायचं?"

आईनं हात पदराला पुसले. चेहरा असा उजळला तिचा — उभ्या जन्मात कुणी तिला विचारलं नव्हतं ना, मसाला तुमचा का म्हणून! सांगायला तिनं तोंड उघडलं.

आणि मी मध्ये बोलले. "छे हो, त्या आमच्याकडं कामाला असतात." तेवढ्यावर थांबले नाही. तिच्याकडं वळून म्हणाले, "मावशी, खोबरं करपंल, तिकडं बघा."

माझ्या आईला मी मावशी म्हणाले. माझ्या जन्मदात्या आईला.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय बाई." आणि मान खाली घालून भाजायला लागली.

व्यापाऱ्यानं ऑर्डर दिली. आज उभी आहे ती शेड त्याच ऑर्डरवर उभी राहिली. मला राहून राहून एक वाटतं — आडनाव टाळून नुसतं "ही माझी आई" म्हणाले असते, तरी भागलं असतं की! पुड्याला भोक कुठं पाडायचं हे जिला सुचलं, तिला एवढं सुचू नये? की सुचलं होतं, आणि तिचं मोकळं कपाळ माझ्या शेजारी नको होतं? खरं काय ते मला माहीत आहे. ह्यातलं दुसरं खरं आहे.

आई त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलली नाही. घरात मी तिची लेकच होते. पण परकं माणूस समोर आलं की ती मला "बाई" म्हणायला लागली. व्यापारी आले, बँकेचे साहेब आले — "बाई, चहा टाकू का?" माझं खोटं माझ्यापेक्षा तीच नीट सांभाळत होती. आणि मी एकदाही नको म्हणाले नाही. सोयीचं होतं ते.

दशक सरता सरता ती आजारी पडली. बारामतीतल्या एका दवाखान्यात ठेवली होती. सकाळची वेळ, नवरा औषधं आणायला खाली गेलेला. मी तिचे पाय चेपत बसले होते. नर्सनं मला पेपरातल्या फोटोवरून ओळखलं. म्हणाली, आमच्या घरात तुमचाच मसाला असतो. मग आईला विचारलं, "आजी, ह्या कोण तुमच्या?"

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "मी बाईंच्याकडं कामाला असते."

तिथं व्यापारी नव्हता. ऑर्डर नव्हती. शेड उभी होती, पैसा होता. एक नर्स होती फक्त. मी बोलले असते तर माझं काय जाणार होतं?

नर्सचे डोळे भरून आले. "कामावरच्या बाईसाठी कोण एवढं करतं हो? पाय चेपता तुम्ही! मालकीण असावी तर अशी."

मी म्हणाले, "माणसं जपावी लागतात."

हे वाक्य मी आजही शिबिरांत सांगते. टाळ्या पडतात. पहिल्यांदा बोलले ते तिथं, आईचे पाय मांडीवर घेऊन. ती जागी होती.