कोवळ्या ज्वारीचे आठ दिवस

माझ्या नाकावर राग असायचा, आणि लग्नानंतरही तो काही उतरला नाही. म्हणून सासऱ्यांच्या पथ्याचं काम घरच्यांनी माझ्या गळ्यात घातलं. वाईटपणा घ्यायला मी होतेच. मामंजी वळसंगची शेती धाकट्या भावावर टाकून सोलापुरात आमच्याकडे आले होते, ते पायाच्या अंगठ्यापायी. नव्या चपलेनं अंगठा सोलला होता आणि दीड महिना झाला तरी जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी तपासलं तर साखर निघाली. गोळ्या दिल्या. साखर, गूळ, भात, बटाटा बंद. ज्वारीची भाकरी, मटकी, मेथी, शेपू खा म्हणाले. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, हेही तोंडावर सांगितलं.

मामंजींना मृगाच्या पेरणीला गावी जायचं होतं. "आंगठा गेल्यावर चिखलात पाय कशावर रोवायचा?" एवढंच एक घोकायचे. भात गेल्याचं मात्र त्यांना फार लागलं.

"जन्मभर भाकरीच खाल्ली की. पोराला नोकरी लागली, आत्ता कुटं रोज भात दिसाय लागला, तर ह्यो डॉक्टर आडवा आला."

"भात पाहिजे का पाय पाहिजे?" मी म्हटलं. सासूबाई हयात असत्या तर माझी काही खैर नव्हती. मामंजी नुसते हसले आणि भाकरी पुढं ओढली.

लघवी तपासायचंही माझ्याकडेच आलं, कारण मॅट्रिकला मला सायन्स होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं की फारच. सुनेच्या हाती असलं काही द्यायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पहाटे उठून न्हाणीच्या कट्ट्यावर बाटली ठेवायचे आणि मी उठायच्या आत फिरायला निघून जायचे. परत आले की माझ्याकडे न बघता विचारायचे, "आज कंचा रंग?"

पहिले पंधरा दिवस लाल. मग पिवळा. पौष लागला तेव्हा हिरवा यायला लागला होता आणि जखमेच्या कडा सुकल्या होत्या. मी भलतीच खूश झाले. आपल्याला आता पथ्यातलं सगळं कळतं, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात चुलत सासऱ्यांचा निरोप आला की हुरडा धरलाय, या. आमच्या ह्यांना रजा नव्हती. मी मामंजींना घेऊन आठ दिवस वळसंगला गेले. काचेची नळी एसटीत फुटायची म्हणून घरीच ठेवली.

शेतात आगटी पेटली. कणसं निखाऱ्यात भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि हिरवे दाणे पुढं करायचे. सगळे गुळाबरोबर खात होते. मामंजी बाजूला बसून राहिले.

"मला नगं. गोड लागतोय त्यो."

"अहो, ज्वारीच की ही मामंजी," मी म्हटलं. "डॉक्टरांनीच सांगितलीय. गूळ नका घेऊ म्हणजे झालं. शेंगाच्या चटणीसंगं खा."

"व्हय?"

"मी सांगते ना."

मी सांगितलं म्हणून त्यांनी खाल्ला. सकाळ-संध्याकाळ मी माझ्या हातानं चोळून पसा पसा दिला, आणि ते पोटभर खाताना बघून मला फार बरं वाटायचं. त्या आठ दिवसांत भाकरी त्यांनी जवळजवळ खाल्लीच नाही.

सोलापुरात परतल्यावर दुसऱ्या दिवशी नळी उकळली, तर लालभडक. मी दोनदा करून पाहिलं. तोवर अंगठ्यात पू झाला होता आणि नखाजवळ काळं दिसत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंत?" आमचे हे शेजारीच उभे होते. मी तोंड उघडायच्या आत मामंजी म्हणाले, "हुरडा. सून नगं नगं म्हनत हुती. मीच ऐकलं न्हाय."

डॉक्टर चिडले. "कोवळ्या दाण्यात साखर असते, आजोबा. गोड लागतो तो कशानं? आणि ढीगभर खाल्ल्यावर काय व्हायचं?" मामंजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. एरवी हातभर चालणारी माझी जीभ त्या दिवशी हलली नाही. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

अंगठा काढला. आत आधीच सडत आलं होतं, हुरड्यालाच दोष देऊ नका, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला ते कधी पटलं नाही. मृगाच्या पेरणीला मामंजी गावी गेले आणि बांधावर बसून राहिले.

आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आमचे हे सांगायचे, "हिनं जिवापाड पथ्य सांभाळलं, पण बाबांना जिभेवर ताबा नाही. हुरड्यापायी अंगठा घालवला." मामंजी मान डोलवायचे. एकदा घरात दोघंच असताना मी म्हटलं, "आज मी ह्यांना खरं सांगते."

"गप बस," ते म्हणाले. "माजं काय, आज हाय उद्या न्हाय. तुला ह्या घरात लई वर्सं काढायची हायती."

अजून तीन वर्षं ते त्या अंगठ्यावरून बोलणी खात राहिले, आणि मी ऐकत राहिले.

त्यांच्या तेराव्याला माणसं जेवून बसली होती. ह्यांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. बाबांची जीभ फार, म्हणाले. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "ते नको म्हणत होते. हुरडा मी खाऊ घातला."