बर्लिनला सोडलेलं दूध

पोरांनो, तुमची ताई बर्लिनला नोकरीला गेली तेव्हा तिच्या बॅगेत मी साजूक तुपाची बरणी घातली होती. ती बरणी तिने तिकडे कोणाला तरी देऊन टाकली, हे मला तीन वर्षांनी कळलं. मे महिन्यात सुट्टीवर येण्याआधी तिचा फोन आला.

"आजी, मी आता व्हेगन आहे. दूध, दही, तूप, मध, काहीच खात नाही. तुला त्रास नको म्हणून कॉलेज रोडला हॉटेलात रूम घेतलीय. भेटायला येत जाईन."

आजीचं घर नाशिकात आणि नात हॉटेलात! आजोबांनी क्रिकेटचा सामना चालू असताना टीव्ही बंद केला, यावरून काय ते ओळखा.

"आधी घरी ये. पहिलं जेवण इथे जेव, मग काय ते ठरव," मी म्हणाले.

"चालेल. पण ताटावर वाद झाला तर मी तशीच उठून हॉटेलात जाईन. तिकडे मला जेवताना कोणी छळत नाही."

तिकडचं तिचं सगळं मला त्याच फोनवर कळलं. रविवारी ती पातेलंभर आमटी करते आणि काचेच्या डब्यातून ऑफिसात नेते. पहिल्या वर्षी नाताळच्या जेवणात तिच्यापुढे चार पानं कोबीची आणि एक बटाटा आला. साहेबांनी "मग प्रोटीनचं काय?" असं काळजीने विचारलं. पण नंतर ती माणसं शिकली. उन्हाळ्यात तळ्याकाठी सगळे मिळून डुकराचं मांस भाजतात, तेव्हा तिच्या वांग्या-मक्यासाठी वेगळी शेगडी आणि वेगळा चिमटा असतो. चिमट्याला हिरवी फीत बांधलेली. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध शाकाहारी. आपल्याला काय अवघड जाणार होतं?

मी चष्मा लावून फडताळ तपासायला घेतलं. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवल्याचा एक फायदा म्हणजे पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा येत नाही. बिस्किटांत दूध, टोस्टमध्ये दूध, सुपाच्या पाकिटातही दुधाची भुकटी. ज्या घराच्या उंबऱ्यावरून अंड्याचा केक परत जातो, त्या घरात गाय अशी जागोजागी दडून बसली होती. मग मी नवी कढई काढली, वेगळी पळी, वेगळे डाव. सगळं वरच्या फळीवर ठेवलं आणि एकदम सासूबाई आठवल्या. त्यांच्या सोवळ्यात भाताचा हात तुपाच्या भांड्याला लागला की तूप बाटायचं. मी शिकलेली सून, ते थोतांड मोडून काढल्याचा मला केवढा अभिमान! आता तुपाचा हात भाताला लागला की भात बाटणार होता. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

ताई आली त्या दुपारी तिने बॅग दाराशीच ठेवली आणि उघडली नाही. वरण-भात, मटकीची उसळ, दाण्याचं कूट घालून काकडीची कोशिंबीर आणि दुधाचा थेंब नसलेला आमरस. पानं वाढली आणि दारात रिक्षा थांबली. आजोबांच्या पोटात काही राहत नाही. त्यांची थोरली बहीण, पंचवटीतली तुमची आत्याआजी, म्हणजे माझ्या वन्सं, स्वतःच्या हाताने कढवलेल्या तुपाचं तामलं घेऊन आल्या. जिथे वन्सं पंगतीला असतात, तिथे भातावर तूप त्याच वाढतात. त्याला त्या अन्नशुद्धी म्हणतात. त्याआधी कोणी घासाला हात लावायचा नाही.

"काय गं, गाईने तुझं काय घोडं मारलंय?"

"गाईने नाही, आत्याआजी. आपणच मारलंय तिचं. दूध तिच्या वासराचं ना?"

"वासराला ठेवतात की थोडं!"

वन्संकडे दूध प्लास्टिकच्या पिशवीतून येतं. वासराची खुशाली त्यांना कोण कळवतं, कोण जाणे.

"आणि अंगात ताकद कुठून यायची?"

"ऑफिसातपण हेच विचारतात," ताई हसली. वन्संनी तुपाचा चमचा उचलला, तसा तिने भातावर हात धरला.

"हात काढ."

"नको, आत्याआजी."

"तुपाशिवाय अन्न शुद्ध होत नाही. काढ म्हणते ना!"

ताईने दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"वन्सं," मी म्हणाले, "तिने सोडलंय."

चमचा तिथेच थांबला. काशीला जाऊन आवडीची एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडायची, ही आपल्याकडची रीत. सोडलेल्या वस्तूचा आग्रह केला तर पाप आग्रह करणाऱ्याला.

"काशीला?"

"बर्लिनला."

"तिथे कुठली आलीय गंगा?"

"नदी आहे, आत्याआजी," ताई म्हणाली. "घरामागूनच जाते."

वन्संनी जरा विचार केला. "काय काय सोडलंस?"

"श्रीखंड. पेढे. बासुंदी." ती थांबली. "तुमच्या हातचा खरवस."

लहानपणी त्या खरवसासाठी ही पोर पंचवटीपर्यंत उन्हातून जायची.

"अक्का," आजोबा म्हणाले, "तू काशीला पडवळ सोडलंस ना गं?"

"तू गप जेव."

पडवळ वन्संनी काशीआधीही कधी तोंडात घातलं नव्हतं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वन्सं धरून.

त्यांनी चमचा तामल्यात परत ठेवला. "मग हिचं अन्न शुद्ध कशाने करायचं?" मग त्यांनीच तिच्या पानातली लिंबाची फोड उचलली आणि भातावर पिळली. "घे. हे काही कोणाच्या वासराचं नाही."

ताईने हात काढला आणि पहिला घास घेतला.

जेवणानंतर तिने हॉटेलला फोन करून रूम नको म्हणून कळवलं आणि बॅग आतल्या खोलीत नेली. आनंद झाला, पण पुरता नाही, कारण नातीच्या व्रतात खंड पडू नये म्हणून वन्संही आठवडाभर आमच्याकडेच राहिल्या. माझ्यावर विश्वास नव्हता. ओटच्या दुधाचा चहा त्या स्वतः उकळायच्या, "या ओटाला आचळं कुठे असतात गं?" असं विचारत. एकदा तुपाच्या वाटीजवळून नुसती गेलेली पळी त्यांनी माझ्याकडून दोनदा घासून घेतली. ताई म्हणाली, "आत्याआजी, तेवढं चालतं हो." वन्सं म्हणाल्या, "तुला चालत असेल. मला नाही चालत."