चुकीचा पत्ता, बरोबर बेरीज

ये गं, अशी जवळ बस. कागदावर का होईना, बस. फोनवर तू "असू द्या मावशी" म्हणतेस आणि ठेवून देतेस, ही काय रीत झाली? सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहून राहिले.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी मोजणीच्या कचेरीत नकाशांच्या नकला काढायचे. थोरले कारकून सांगायचे, अर्जातली जमीन कुठून सुरू होते तेवढंच बघू नका, कुठं संपते तेही बघा. शेवट दुसऱ्याच जिल्ह्यात निघालेला असतो. ते मी गाठीशी बांधलं. पुढं पेन्शनीत पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकले, आणि दुष्काळात औशाच्या टँकर भरायच्या केंद्रावर तेच कामी आलं.

तुला ठाऊक हाय, पण हा कागद आणखी कुणी वाचला तर त्याच्यासाठी सांगते. टाकीत पाणी किती, ते कॉम्प्युटरात बसवलेलं एक कार्ड मोजायचं. तू नांदेडहून येऊन तो आकडा पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम लिहिलास. कार्डाच्या मेमरीत डोकवायला तुझा प्रोग्राम कर्नेलकडे अर्ज करायचा: या पत्त्यापासून एवढी जागा द्या. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा तलाठी. कुणाला कुठली जागा द्यायची, ते त्याच्या हाती. तिथली तपासणी मी लिहिलेली. पत्ता कार्डाच्या हद्दीआधीचा नको, आणि पत्ता अधिक लांबी ही बेरीज हद्दीपुढं जायला नको.

एका सकाळी तुझ्या प्रोग्रामनं पत्त्याची फाइल अर्धवट वाचली आणि भलताच मोठा पत्ता पाठवला. कर्नेलनं हो म्हटलं आणि मशीन हँग झालं. पडदा अर्धी टाकी दाखवत राहिला, पंप चालत राहिला. टाकी भरून वाहिली, दोन टँकरांचं पाणी रस्त्यावर गेलं. बाया नालीतलं तांब्यानं भरून राहिल्या होत्या. त्यांची काही तक्रार नव्हती. दोन वस्त्यांना मात्र त्या दिवशी टँकर गेला नाही.

केंद्राच्या साहेबांनी आधी मला विचारलं. मी म्हटलं, "मी शेवटही बघते साहेब. माझ्याकडून चुकणार न्हाई."

मग तुझ्याकडून चुकलं, असं ठरलं. उद्यापासून येऊ नको म्हणाले. तू दुपारच्या एसटीनं गेलीस, डबा माझ्याकडंच राहिला.

आठ-दहा दिवसांनी केंद्राच्या पाण्याच्या मीटरवर सगळे नऊ जमले, आणि तो फिरून शून्यावर आला. नोंद घेणारे काका म्हणाले, "मावशी, कागदावर आपण अजून थेंबभर पाणी दिलेलं न्हाई."

मी हसले, आणि मग जाऊन माझी तपासणी उघडली. कॉम्प्युटरच्या आकड्यालाही घरं मोजकीच असतात. तुझ्या मोठ्या पत्त्यात लांबी मिळवली की बेरीज फिरून एवढीशी होते, आणि एवढीशी बेरीज हद्दीच्या आतच दिसते. मी शेवट बघत होते खरा, पण तो शेवटच खोटा होता.

आता मी बेरीज करतच नाही. आधी पत्ता हद्दीत हाय का बघते. मग तिथून हद्दीपर्यंत किती जागा उरली ते वजाबाकीनं काढते, आणि मागितलेली लांबी तिच्यात मावली तरच हो.

साहेबांना तसं लेखी दिलं. ते म्हणाले, मशीन चालतंय ना, मग जुनं कशाला उकरता.

पोरी, अर्ज चुकीचे येणारच. सगळे बरोबर आले असते तर मला तपासायला बसवलं कशाला असतं? चूक माझी होती. साहेबांपुढं मी तुझ्यावर ढकलली, तीही माझीच.

ते मशीन भंगारात निघालं तेव्हा मी घरी आणलं. चालतंय. तुझा प्रोग्राम तसाच ठेवलाय, त्याला हात लावला नाही. तोच पत्ता तुझ्या हातानं पाठव आणि ते नाही म्हणतं का बघ. लातूरला उतरलीस की औशाच्या गाड्या लई. लवकर ये, डबा घासून ठेवलाय.