दोन्ही कामं एकाच माणसाची

मंडळी, सगळ्यायले नमस्कार. आमच्या पटले सरायले साठ वर्षं पूर्ण होऊन राहिले, म्हणून हे पुस्तक निघून राहिलं. यात मोठमोठे शिकलेले लोक लिहिणार आहेत. मी नववीत शाळा सोडली. तरी अनिलभाऊ मले म्हणाले, "शीतल, तूबी लिही." अनिलभाऊ म्हणजे सरायचे चिचगडच्या शाळेतले जुने विद्यार्थी, आता कुडव्यात त्यायचं मोबाईलचं दुकान आहे. म्हणाले, "जशी बोलते तशीच लिही. सत्काराच्या कार्यक्रमात वाचायचं टेन्शन नको घेऊ, ते कोणीतरी वाचून देईल." मी चार लोकायसमोर तोंड उघडत नाई, हे कुडव्यात सगळ्यायले माहीत आहे. वाचायचं नाई म्हणूनच म्या हो म्हटलं.

सरायची अन् माही ओळख आलूबोंड्यानं झाली. आमचं घर कामठ्याले. आईले धानमिलमधी काम लागलं तवा लहान्या भावापाशी राहायले कोणी नव्हतं, म्हणून माही शाळा सुटली. भाऊ शाळेत जायले लागला तशी मी कुडव्याले मावशीच्या दुकानात आली. चहा, पोहे अन् आलूबोंडे. सर नुकतेच रिटायर झालते. रोज सकाळी जुनी स्कूटर दुकानासमोर लावत, एक बोंडा खात, अर्धा कप चहा पेत. एक दिवस म्या त्यायच्या हातात प्लेट देली अन् ते माह्याकडं पाहून म्हणाले, "हॅविंग फ्राइड द बोंडा, शी गेव्ह इट टु मी."

मले वाटलं, मीठ जास्त झालं. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मावशी मात्र झारा घेऊनच समोर आली.

"काऊन गुरुजी, पोरीले इंग्रजीत शिव्या देऊन राहिले काय?"

"शिवी नोहे बाई," सर हासले. "बोंडा तळून तिनं मले देला, येवढंच म्हटलं. तळून, जाऊन, खाऊन, आपण दिवसभर हेच तं बोलतो. इंग्रजीत त्यालेच समोर हॅविंग लावा लागते."

मंग हे रोजचंच झालं. म्या चहा गाळला का सर म्हणत, हॅविंग मेड द टी. मावशीनं बाकडं पुसलं का हॅविंग वाइप्ड द बेंच. बाकड्यावरचे ऑटोवाले त्यायले हॅविंग सर म्हणायले लागले. सरायले त्याचा राग नाई आला. मी काई बोलत नव्हती, पण आयकत होती. कढईपाशी उभी राहून मनातल्या मनात जोडत होती. एक दिवस सरायचा बोंडा खाऊन झाला, म्या त्यायची प्लेट धुतली अन् तोंडातून निंघूनच गेलं, "हॅविंग ईटन द बोंडा, आय वॉश्ड द प्लेट."

सरायनं कप खाली ठेवला. "प्लेट कोणं धुतली?"

"म्या."

"मंग बोंडाबी तूच खाल्ला! मले काय देलं तुवा?"

"अवो पोरी," मावशी वरडली, "गिऱ्हाइकाचा बोंडा खाऊन राहिली काय तू!"

एक ऑटोवाला म्हणे, "चाचा, आज आपको खाली प्लेट मिली क्या?"

सगळे हासले. मी दुकानाच्या मांगं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसली. सर तिथं आले. त्यायनं समजूत नाई घातली. म्हणाले, "पोरी, या वाक्याचा कायदा येवढाच आहे. पयलं काम ज्यानं केलं, दुसरं काम त्यानंच केलं पाहिजे. मधात माणूस बदलला का वाक्य पडते." मंग म्हणाले, "चाल, आता एक बोंडा खरोखर खा, प्लेट धू, अन् मंग हेच वाक्य म्हण." म्या खाल्ला, धुतली, म्हटलं. पैसे सरायनंच देले.

नंतर समजलं, सरायचं शिकवणं पयलेपासून असंच आहे. जे काम केलं नाई त्याचं वाक्य त्यायच्या वर्गात चालत नव्हतं. अनिलभाऊ सांगतात, चिचगडले सर पोट्ट्यायले मोहाच्या झाडाखाली नेत. पयले फुलं वेचा, मंग वाक्य बोला. एक दिवस अनिलभाऊ वर्गात ऐटीत उभे राहिले अन् म्हणाले, "हॅविंग टेकन अ बाथ, आय केम टु स्कूल." सर जवळ आले, त्यायच्या मानेकडं पायलं.

"अनिल, आंघोळ केली काय रे बाबू?"

"नाई सर. पण वाक्य बरोबर आहे ना?"

"वाक्य बरोबर आहे. माणूस खराब आहे."

सरायनं त्यायले हातपंपावर पाठवलं. हापसायले दोन पोट्टे देले अन् आपला टॉवेल देला. भाऊ थंडीत कुडकुडत वर्गात आले अन् तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तवा सरायनं टाळ्या वाजवल्या. भाऊ म्हणतात, "तवापासून मी शाळेले बिना आंघोळीचा गेलो नाई."

सर बोलायले गोड नाईत. चुकलं तं सगळ्यायसमोर सांगतात, अन् चहा थंड झाला तं आपणच बोलत बसलो होतो हे इसरून आमालेच बोलतात. पण मले ताप आल्ता तवा मावशी एकटीच होती दुकानात, अन् सर बाह्या मांगं सारून कढईपाशी उभे राहिले. पयलाच घाणा जाळला. मावशी म्हणे, "राहू द्या गुरुजी, चटणीसंगं खपून जाते." सर म्हणाले, "खपत असन, पण जाळला म्या." अन् जळलेले बोंडे सगळे आपणच घेतले. हे मले मावशीनं सांगतलं. मी घरी पडून होती, हासता हासता खोकला आला.

आता जे सांगते, त्याच्यासाठीच म्या हे लिहायले घेतलं.

सर माह्या मांगं लागले होते का तू बाहेरून दहावीले बस. त्याच्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागते, अन् तो आणायले कामठ्याच्या जुन्या शाळेत जा लागते. मी ते टाळून राहिली होती. संगतच्या पोरी कवाच्या समोर गेल्या. तिथं कोणी विचारलं का तू कुठं होती, तं काय सांगू? शेवटी सरायनंच स्कूटरवर बसवलं. रस्त्यानं म्या म्हटलं, "सर, तिथं तुमीच बोला ना." सरायनं नुसता हॉर्न वाजवला. मले वाटलं, हो म्हटलं.

ऑफिसात बाबू उठून उभे राहिले. "या गुरुजी. काय काम काढलं?"

"माहं काई काम नाई," सर म्हणाले. "मी स्कूटर चालवून आलो. काम या पोरीचं आहे." अन् ते बाकड्यावर बसून भिंतीवरचा नकाशा पाहायले लागले.

"बोल बाई," बाबू म्हणाले.

बाबूनं वाट पायली अन् आपलं काम घेतलं. पंखा कुरकुर करून राहिला होता. म्या सरायकडं पायलं. सर नकाशात असे पाहून राहिले होते का जसं त्यायचं गाव हरपलं. खरं सांगते, मले सरायचा लय राग आला. वाटलं, येवढ्या दूर आणून असं काऊन करते हा माणूस? म्या पायऱ्यायकडं पायलं. उतरून निंघून जावं, आपलं कामठा आहे, रस्ता माहीत आहे. पण निंघून गेली असती तं दहावीबी तिथंच राहिली असती.

"मले दाखला पाहिजे," म्या म्हटलं.

"हळू काऊन बोलते? कशाचा?"

"शाळा सोडल्याचा. नववीत सोडली. मले दहावीले बसायचं आहे."

दुसऱ्यांदा मी येवढ्या जोरानं बोलली का बाजूच्या खोलीतल्या मॅडम बाहेर आल्या. त्यायनं मले वळखलं. "शीतल ना तू?" म्हणाल्या. कुठं होती, असं नाई विचारलं. बस म्हणाल्या.

दाखला घेऊन आमी बाहेर आलो. सर स्कूटरले किक मारता मारता थांबले.

"शाळा कोणं सोडली?"

"म्या."

"दाखला कोणं मांगतला?"

"म्या."

"मंग वाक्य बरोबर आहे," सर म्हणाले. "बस मांगं."

दहावीचा फॉर्म भरून झाला. परीक्षा यायची आहे. पास होईन का नाई, मले नाई माहीत. पण पेपरावर नाव मीच लिहीन.

काल अनिलभाऊ हा लेख न्यायले आले. "दे, वाचणारा पायला म्या. आवाज चांगला आहे त्याचा." म्या कागद मांगं लपवले.

"भाऊ, लिहिलं म्या. अन् वाचणार दुसरा कोणी? मधात माणूस बदलते."

भाऊनं समोर केलेला हात मांगं घेतला. मंग म्हणाले, "सरायनं तुलेबी हातपंपावर नेलंच तं!"

तं मंडळी, वाचून मीच राहिली. आवाज कापला तं सांभाळून घ्या.

सर, तुमची तब्येत अशीच ठणठणीत राहो. डॉक्टरनं तेलाचं कमी करा म्हटलं, तं बोंडा अर्धा खा, पण रोज या. दहावी करून मी काय केलं, ते काम करून समोर काय केलं, हे सगळं आयकायले आमाले तुमी लय वर्षं पाहिजे. आज तुमी पयल्या रांगेत बसले आहात. फक्त येवढंच करा, आज नकाशा नका पाहू. माह्याकडं पाहा.