एका संत्र्याचा डाग दुसऱ्यावर

माझे मोठेबाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, सौंसरला संत्री निवडण्याचं शेड चालवतात. मी पांढुर्ण्याला घरी बसून ड्रायव्हर लिहिते. असं म्हटलं की लोक आधी माझ्या लायसनची चौकशी करतात. मग समजावून सांगावं लागतं, की यंत्र आणि संगणकातले प्रोग्राम यांच्यात एक दुभाषी प्रोग्राम असतो, तो मी लिहिते.

गेल्या हंगामात मोठेबाबांनी संत्री वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर कॅमेरा बसवला. संत्रं समोरून गेलं की फोटो निघणार, फळ डागी दिसलं की एक दांडा ते बाजूच्या क्रेटमध्ये ढकलणार. ड्रायव्हर अर्थातच घरच्या पोरीकडे आला.

कॅमेरा आपला फोटो थेट मेमरीच्या एका तुकड्यात उतरवायचा. एरवी ड्रायव्हर त्याची नक्कल काढून तपासणाऱ्या प्रोग्रामच्या हाती देतो. त्यात वेळ जातो, आणि पट्टा काही कोणासाठी थांबत नाही. म्हणून मी तो तुकडाच प्रोग्रामला उघडा करून दिला. नक्कल नाही, उशीर नाही. घरच्या संगणकावर सगळं बिनचूक चाललं आणि मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

शेडमध्ये मात्र संगणक म्हणून तळहाताएवढा स्वस्त बोर्ड होता. पहिल्याच दिवशी मोठेबाबांचा फोन आला, "काऊन वं पोरी, तुही मशीन त चांगला माल फेकून राहिली!"

मी सकाळची बस धरून सौंसरला गेले. तिथे निवडाईला वर्षानुवर्षं बसणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी फेकलेलं एक संत्रं माझ्या नाकासमोर फिरवलं.

"याच्यावर डाग दाखव मले. डाग याच्या आधीच्यावर होता. देठापाशी."

"मावशी, डाग काय उडी मारून दुसऱ्या फळावर जाते?" मी म्हटलं.

"ते तू सांग. शिकेल तू हाय."

मी साठवलेले फोटो उघडले. स्वच्छ संत्र्याच्या अंगावर तपकिरी रंगाच्या बारीक आडव्या पट्ट्या होत्या. मोठेबाबांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, पट्ट्यावर ठेवली आणि तिच्यामागे एक संत्रं सोडलं. पडद्यावर आधी टोपी आली, मग टोपीच्या चिंध्या पांघरलेलं संत्रं. दांड्याने त्याला इमानेइतबारे क्रेटमध्ये ढकललं.

"संत्र्याले टोपी घातली वं हिनं!" मोठेबाबा पोट धरून हसले. सगळं शेड हसलं. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

कारण चूक मला तेव्हाच कळली. प्रोसेसर एकदा वाचलेलं जवळच्या छोट्या कप्प्यात राखून ठेवतो, म्हणजे पुन्हा लांब जावं लागत नाही. कॅमेरा मेमरीत नवा फोटो ठेवत होता आणि प्रोसेसर काही भाग कप्प्यातून जुनाच वाचत होता. घरच्या संगणकात ही काळजी यंत्रच घेतं. या बोर्डात ती ड्रायव्हरने घ्यायची असते. फोटो प्रोग्रामकडे सोपवण्याआधी 'जुनं टाक, नवं वाच' असं सांगायचं असतं. मी ते लिहिलंच नव्हतं.

मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यानं पाह्यलंच नाही. आठवनीनंच बोलून राहिला."

यापेक्षा नेमकं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

उलट्या क्रेटवर बसून दुरुस्ती केली. टोपी पुन्हा पट्ट्यावरून गेली. मागचं संत्रं या वेळी बोडक्या डोक्याने आलं. मोठेबाबांनी लगेच चहा सांगितला.

चहा येईपर्यंत मावशी यंत्राने पास केलेला माल चाचपत होत्या. एक फळ त्यांनी माझ्या हातात दिलं. दिसायला केवढं देखणं! सोललं तर साल आणि फोडी यांच्यामध्ये बोटभर पोकळी, फोडी कोरड्या.

"हे फोटोत नाही येत," त्या म्हणाल्या, आणि पुढचं संत्रं उचललं.