स्वमग्नतेचे निदान आणि काष्टीचा पंखा

मित्रहो, पन्नाशी उलटल्यावर आज नगरच्या डॉक्टरांनी अस्मादिक स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, असल्याचे निदान केले.

संशय तत्क्षणी सौभाग्यवतींवर गेला. नव्वदच्या दशकात काष्टी गावी मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मी मुलीऐवजी छताचा पंखा न्याहाळत बसलो होतो, हाच दाखला डॉक्टरांनी दिला; त्यांना हे कसे ज्ञात?

बाहेर येताच विचारले, "तूच सांगितलेस ना? आता लग्नात फसवणूक झाली म्हणणार?"

"व्हय, मीच सांगितलं. आदीच्या पाव्हन्यांनी मला चालायला लावून वरखाली न्याहाळलं हुतं. तुमी आपलं पंख्याकडं बघत बसलात, म्हनून तर हो म्हनले."

डॉक्टर म्हणतात, समोरच्याच्या नजरेला नजर देण्याचा सराव करा. ज्या लक्षणावर माझा संसार उभा, तेच घालवू पाहणाऱ्या या गृहस्थांच्या हेतूविषयी मला दाट संशय आहे. तुम्हाला?